धडधड छातीत, सूज गळ्यात, मूळ तिसरीकडेच

पत्र (थोडक्यात): "मी छत्तीस वर्षांची, शाळेत इतिहास शिकवते. मागच्या वर्षी वडील अचानक गेले. पुढच्या चार-पाच महिन्यांत माझं वजन नऊ किलोंनी उतरलं, खाणं मात्र वाढलेलं. छातीत सतत धडधड, हात असे थरथरायचे की फळ्यावर सरळ रेघ येईना. रात्री झोप नाही. कुणी साधं काही विचारलं तरी वसकन् अंगावर जायचे. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं की हिने वडिलांचं मनाला लावून घेतलंय. शेवटी रक्त तपासलं तेव्हा थायरॉइड जास्त काम करतोय, ग्रेव्हज आजार आहे, असं निघालं. कार्बिमाझोल सुरू होऊन तीन महिने झाले, बरंच बरं वाटतंय. सासूबाई म्हणतात, आता रोज गोळ्या कशाला, मन शांत ठेव म्हणजे झालं. डॉक्टर म्हणतात, दीड वर्ष तरी घ्याव्या लागतील, आणि नंतर आजार उलटला तर किरणोत्सारी आयोडीनचा विचार करू. ते ऐकून पोटात गोळाच आला. नणंदेलाही थायरॉइडचाच त्रास आहे, पण तिचं वजन वाढतंय, हे कसं? हा आजार मी माझ्याच त्राग्याने ओढवून घेतला का? आणि पूर्वीच्या लोकांना हा कळला तरी कसा?"

ताई,

आधी दोन उत्तरं रोखठोक देते, म्हणजे बाकीचं वाचून होईपर्यंत एखादी गोळी चुकायला नको. गोळी बंद करायची नाही. आणि हा आजार तुमच्या त्राग्यातून आलेला नाही, त्रागा या आजारातून आला आहे. ही उलटापालट फक्त तुमच्या घरच्यांनी केली असं समजू नका. नावाजलेल्या डॉक्टरांनी ती शंभर वर्षं केली. तुम्ही इतिहासाच्या बाई, म्हणून ती हकीकत जरा ऐसपैस सांगते. तुमच्या इतर प्रश्नांची उत्तरंही तिच्यातच सापडतील.

त्याआधी नणंदेचा प्रश्न निकालात काढू. गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनळीला बिलगून असलेली थायरॉइड ही जेमतेम वीस ग्रॅमची ग्रंथी. ती आयोडीन वापरून टी-४ आणि टी-३ ही संप्रेरकं बनवते. आकडा म्हणजे एका रेणूत आयोडीनचे किती अणू, एवढंच. शरीरातल्या पेशींनी किती वेगाने काम करायचं, किती ऊर्जा जाळायची, हे त्यांच्यावर ठरतं. ही संप्रेरकं किती बनवायची याचा हुकूम मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी सोडते, टीएसएचच्या रूपात. रक्तात टी-४ कमी पडलं की टीएसएच वाढतं, जास्त झालं की टीएसएच खाली येतं. म्हणून तुमच्या पहिल्या रिपोर्टात टीएसएच जवळजवळ शून्य असणार आणि नणंदेच्या रिपोर्टात वाढलेलं. 'टीएसएच कमी आलंय, म्हणजे थायरॉइड कमी आहे' असं समजून भलतीकडेच धावणारी माणसं मला नेहमी भेटतात. तिची ग्रंथी सुस्त आहे, तुमची बेफाम. तिला बाहेरून संप्रेरक द्यावं लागतं, तुमचं बनणं रोखावं लागतं. एकमेकींच्या गोळ्यांना चुकूनही हात लावू नका.

आता हकीकत. गलगंड आणि पुढे आलेले डोळे यांची सांगड बाराव्या शतकात इराणी वैद्य जुर्जानी यांनी घातली होती, पण ती धागा म्हणून पुढे चालली नाही. आधुनिक वैद्यकात सुरुवात होते ती इंग्लंडमधल्या बाथ गावच्या कॅलेब हिलियर पॅरी या डॉक्टरांपासून. १७८६ साली त्यांच्याकडे सदतीस वर्षांची एक विवाहित स्त्री आली. हृदय धडधडतंय, गळा सुजलाय, डोळे खोबणीतून बाहेर आल्यासारखे. पुढे अशा आणखी काही बायका त्यांनी पाहिल्या आणि टिपणं ठेवली. त्यांतली एक एकवीस वर्षांची. चाकांच्या खुर्चीतून उतारावरून वेगात येताना ती फेकली गेली आणि भयंकर घाबरली. तेव्हापासून धडधड सुरू झाली आणि पंधरवड्याभरात गळ्याला सूज दिसायला लागली. तुमच्या घरच्यांनी हे टिपण वाचलं असतं तर 'बघ, आम्ही काय म्हणत होतो!' असंच म्हणाले असते. पॅरी मात्र मनाकडे वळले नाहीत, हृदयाकडे वळले. बिघाड रक्ताभिसरणात आहे आणि थायरॉइड म्हणजे मेंदूकडे जाणारं जास्तीचं रक्त वाटेत जिरवणारी जागा, अशी त्यांची समजूत होती. टिपणं छापून आली १८२५ साली, ते वारल्यानंतर तीन वर्षांनी.

१८३५ मध्ये डब्लिनच्या मीथ हॉस्पिटलचे रॉबर्ट ग्रेव्हज यांनी एका व्याख्यानात तीन बायकांची हकीकत मांडली. तिघींनाही दीर्घकाळ जोराची धडधड आणि सुजलेला थायरॉइड. आणखी एका बाईचे डोळे इतके मोठे झाले होते की झोपेतही पापण्या मिटत नसत, आणि या बायकांपैकी एकीला धडधडीचा झटका आला की हृदयाचे ठोके खाटेपासून काही अंतरावर उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू येत. ग्रेव्हज हे साधेसुधे डॉक्टर नव्हते. तापाच्या रोग्याला उपाशी ठेवण्याच्या रिवाजाविरुद्ध ते उभे राहिले आणि 'याने तापकऱ्यांना जेवू घातलं' एवढंच माझ्या थडग्यावर लिहा, असं म्हणत. पण या आजारात त्यांनीही धडधड आणि गळ्याची सूज यांचा संबंध हिस्टेरियाशी लावून पाहिला. रोगी बाई, तक्रार धडधडीची, म्हणजे हिस्टेरिया, हा त्या काळचा मळलेला रस्ता होता. तो आता बंद पडलाय असं मला काही वाटत नाही. तुमचंच पत्र पाहा ना.

पाच वर्षांनी, १८४० मध्ये, जर्मनीतल्या मेर्सेबुर्गचे कार्ल फॉन बासेडो यांनी गलगंड, बाहेर आलेले डोळे आणि धडधड हे त्रिकूट स्पष्ट मांडलं. म्हणून जर्मन डॉक्टर आजही याला बासेडोचा आजार म्हणतात. एकूण काय, नावं मिळाली, लक्षणं पाठ झाली, पण दोष कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. काहींच्या मते हृदयात, काहींच्या मते मज्जातंतूंत. गळ्यातली ती सूज सगळ्यांना दिसत होती, पण तिला सगळ्यांनी परिणामांच्या यादीत टाकलं होतं.

या सगळ्या इतिहासातला माझा सर्वांत आवडता प्रसंग पॅरिसचा आहे. आर्मां त्रूसो हे तिथले बडे डॉक्टर. या आजाराला ग्रेव्हजचं नाव देण्याचा आग्रह त्यांचाच. १८६३ साली त्यांच्याकडे एक तरुणी आली, नाडी मिनिटाला १४०. तिला डिजिटालिसचा अर्क द्यायचा, हृदय ताळ्यावर आणण्यासाठी. पण डोक्यात त्या वेळी आयोडीन घोळत होतं आणि हातून कागदावर उतरलं 'आयोडीनचा अर्क'. बाई तो घेऊन गेली. दोन आठवड्यांनी आली तेव्हा नाडी ९०. चूक लक्षात आल्यावर त्रूसोंनी आयोडीन थांबवून ठरल्याप्रमाणे डिजिटालिस दिलं. नाडी चढली १५० वर. त्यांनी मुकाट्याने पुन्हा आयोडीन सुरू केलं. प्रामाणिकपणा असा की हे सगळं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं.

यात रोगाची गुरुकिल्लीच पडली होती. हृदयाच्या औषधाने हृदय शांत होत नाही आणि थायरॉइडच्या कच्च्या मालाने होतं, तर दोष कुठे असेल? पण कुणी उचलली नाही, कारण आयोडीनचं नाव खराब झालेलं होतं. १८११ मध्ये समुद्री शेवाळाच्या राखेतून ते सापडलं, १८२० मध्ये जिनिव्हाच्या क्वांदे यांनी गलगंडावर वापरलं, आणि मग लोकांनी इतकं वारेमाप घेतलं की काहींचं वजन झरझर उतरायला लागलं, धडधड आणि थरथर सुरू झाली. एकच पदार्थ एकीकडे आजार शमवतो, दुसरीकडे पेटवतो. आता आपल्याला कारण माहीत आहे. मोठा डोस मिळाला की ग्रंथी काही काळ संप्रेरक बनवणं आणि सोडणं आवरते, पण हा परिणाम टिकाऊ नसतो. आणि जुन्या, गाठी असलेल्या गलगंडाला जास्तीचं आयोडीन मिळालं तर तो हवं तेवढं संप्रेरक बनवत सुटतो. तुमच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. समुद्री शेवाळाच्या गोळ्या, 'थायरॉइडसाठी उत्तम' असं लिहिलेली आयोडीनची टॉनिकं, यांच्या वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जायचं नाही.

थायरॉइडवर नेमकं बोट ठेवलं गेलं ते उलट्या दिशेने. स्वित्झर्लंडचे थिओडोर कोखर हे गलगंडाच्या शस्त्रक्रियेतले उस्ताद. १८८३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की ज्यांची पूर्ण ग्रंथी आपण काढली ते रोगी पुढे सुजले, मंद झाले, थंडी सोसेनाशी झाली. स्वतःच्याच यशस्वी शस्त्रक्रियांचा असा हिशेब मांडणं सोपं नसतं. पुढे १९०९ मध्ये थायरॉइडवरच्या कामासाठी त्यांना नोबेल मिळालं. १८८६ मध्ये जर्मन मज्जातंतुतज्ज्ञ मोबियस यांनी दोन चित्रं शेजारी-शेजारी ठेवली. ग्रंथी नसलेला माणूस जाड, संथ, गारठलेला, झोपाळू. ग्रेव्हजचा रोगी रोड, घाईतला, घामाघूम, झोप उडालेला. एक चित्र थायरॉइडच्या अभावाचं असेल तर दुसरं अतिरेकाचंच असणार, असं ते म्हणाले. पाहिलंत? तुमची आणि नणंदेची ही जोडीच शंभर वर्षांचा घोळ सोडवायला कामी आली.

पुढचे पुरावे भराभर आले. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून थायरॉइड आटलेल्या बाईला बरं केलं. असा अर्क जास्त झाला की रोग्याला धडधड आणि थरथर सुटते, हेही दिसलं. १८९५ मध्ये बर्लिनचे माग्नुस-लेव्ही यांनी प्राणवायू मोजून दाखवलं की ग्रेव्हजचे रोगी नुसते पडून असतानाही इतरांपेक्षा जास्त जाळतात. तुमचे नऊ किलो तिथे गेले, ताई. दुप्पट खाऊनही वजन उतरतं ते शरीर बसल्या जागी धावत असतं म्हणून. स्नायूही त्यात झिजतात. जिना चढताना मांड्या भरून येत असतील तर तेही यातलंच.

थरथरीचं म्हणाल, तर आम्ही एक साधी गोष्ट करतो. रोग्याला हात समोर ताठ धरायला लावून बोटांवर कागदाचा पातळ ताव ठेवतो. नजरेला न दिसणारी बारीक, वेगवान थरथर कागदाच्या कडेला लगेच दिसते. घाबरलेल्या माणसाचा हातही थरथरतो, पण त्याचा तळवा बहुतेकदा थंड आणि चिकट असतो. थायरॉइडच्या रोग्याचा तळवा गरम आणि ओलसर. आणि चिंतेने धडधडणारं हृदय झोपेत शांत होतं, थायरॉइडचं झोपेतही पळत असतं. हे खुणेचे दगड आहेत, निदान रक्त तपासूनच. पण शोकात असलेल्या बाईचा हात हातात घेऊन पाहायचं कष्ट कुणी घेतलं असतं तर तुमचे काही महिने वाचले असते, असं मला राहून राहून वाटतं.

अशा चुका नामवंतांच्या वाट्यालाही आल्या. अमेरिकन धावपटू गेल डेव्हर्सचा आजार बराच काळ ओळखलाच गेला नाही, आणि निदानानंतर किरणोत्सारी उपचार झाल्यावर पाय कापावे लागतात की काय इथवर वेळ आली. त्यातून सावरून १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये तिने १०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. हे उदाहरण मी उमेद द्यायला सांगत नाही. अशी धडधाकट, सतत डॉक्टरांच्या नजरेखालची बाईही निदानातून निसटू शकते, तर तुमचं निदान उशिरा झालं यात तुमचा कसला दोष?

आता तुमच्या गोळीकडे येऊ. १९४० च्या सुमाराला अमेरिकेत प्रयोगशाळेतल्या उंदरांना वेगळ्याच कामासाठी काही गंधकयुक्त रसायनं दिली जात होती, तर त्यांचे थायरॉइड फुगलेले आढळले. ग्रंथी मोठी, पण संप्रेरक मात्र बनत नाही. बोस्टनचे एडविन ॲस्टवुड यांनी यातलं मर्म ओळखलं आणि १९४३ मध्ये थायोयुरिया आणि थायोयुरासिल ही औषधं माणसांवर वापरली. तुमची कार्बिमाझोल त्याच घराण्यातली. आयोडीन जोडून संप्रेरक बनवण्याची क्रिया ती अडवते. पण आधीच बनून ग्रंथीत साठलेला माल ती अडवत नाही, आणि रक्तातलं टी-४ निम्मं व्हायलाच सुमारे आठवडा लागतो. म्हणून पहिले तीन-चार आठवडे काहीच फरक पडत नाही असं वाटतं, आणि तोवर धडधड आवरायला प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी देतात. दमा असेल तर ती चालत नाही, ते आधी सांगावं लागतं.

मग तीन महिन्यांत बरं वाटल्यावर थांबायचं का नाही? कारण गोष्ट थायरॉइडवर संपली नाही. १९५६ मध्ये न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये ॲडम्स आणि पर्व्हिस यांनी ग्रेव्हजच्या रोग्यांच्या रक्तातला द्रव गिनीपिगना टोचला. त्यांच्या थायरॉइडना चेव आला, पण टीएसएचने येतो त्यापेक्षा उशिरा आणि खूप जास्त वेळ टिकणारा. म्हणजे रक्तात टीएसएचखेरीज आणखी काहीतरी होतं. पुढे उलगडा झाला की ते 'काहीतरी' म्हणजे प्रतिपिंड, रोगजंतूंशी लढायला शरीर जी अँटिबॉडी बनवतं त्याच जातीचे. ते टीएसएचच्याच जागी जाऊन बसतात. टीएसएच म्हणजे गरज पडली तेव्हा दाराची बेल वाजवून जाणारा माणूस. हा प्रतिपिंड बेलवर बोट दाबून तसाच उभा राहतो.

तेव्हा हृदय निर्दोष, मज्जातंतू निर्दोष, आणि बिचारी थायरॉइडही तशी निर्दोषच. ती मिळालेला हुकूम पाळते आहे. बिघाड आहे तो प्रतिकारशक्तीत. तुमची गोळी संप्रेरक बनणं थांबवते, बेलवरचं बोट लगेच काढत नाही. ते बोट आपोआप सैल पडायला वेळ लागतो, तोवर गोळीने शरीराचं रक्षण करायचं. म्हणून बारा ते अठरा महिने. आत्ता बरं वाटतंय ते गोळीमुळे. मध्येच सोडली तर काही आठवड्यांत तुम्ही परत त्याच फळ्यासमोर त्याच थरथरत्या हाताने उभ्या असाल. सासूबाईंना एवढंच सांगा की मन शांत ठेवण्याला डॉक्टरांचीही ना नाही, पण त्यासाठी आधी रक्तातलं टी-४ शांत असावं लागतं.

वडिलांच्या जाण्याचं काय? इथे मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. मोठा मानसिक आघात आणि त्यानंतर काही महिन्यांत ग्रेव्हज, अशी जोडी पॅरींपासून डॉक्टरांना दिसत आली आहे आणि आजच्या काही अभ्यासांतही ती आढळते. प्रतिकारशक्तीवर ताणाचा परिणाम होतो, हे खरं. पण आघात झालेल्या असंख्य लोकांना हा आजार होत नाही, आणि कसलाही आघात नसताना अनेकांना होतो. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. बायकांमध्ये याचं प्रमाण पुरुषांच्या कितीतरी पट जास्त, बाळंतपणानंतरच्या महिन्यांत धोका वाढलेला, धूम्रपानाने तर वाढतोच. दुःख हे फार तर निमित्त. आणि वडील गेल्यावर दुःख करणं हा त्रागा नव्हे.

घरात आणखी कुणाला होईल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल. रक्ताच्या नात्यात धोका थोडा जास्त असतो, संसर्ग मात्र नसतो. अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश थोरले आणि त्यांच्या पत्नी बार्बरा, दोघांनाही थोड्या वर्षांच्या अंतराने ग्रेव्हज निघाला तेव्हा व्हाइट हाउसचं पाणीसुद्धा तपासलं गेलं. त्यात काही सापडलं नाही. योगायोगही असतात.

किरणोत्सारी आयोडीनची भीती वाटणं साहजिक आहे, पण त्याची जन्मकथा ऐका. नोव्हेंबर १९३६ मध्ये बोस्टनमध्ये डॉक्टरांपुढे एका भौतिकशास्त्रज्ञाचं भाषण होतं, भौतिकशास्त्र जीवशास्त्राच्या आणि वैद्यकाच्या काय कामी येईल यावर. श्रोत्यांत मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे सॉल हर्ट्झ हे थायरॉइडचे तरुण डॉक्टर बसले होते. त्यांनी विचारलं की आयोडीन कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येईल का? शरीरात गेलेलं आयोडीन थायरॉइड वेचून घेते हे त्यांना माहीत होतं. म्हणजे बाकी शरीराला फारसा धक्का न लावता औषध नेमकं तिथे पोचवता येईल. १९४१ साली त्यांनी पहिल्या रोग्याला ते दिलं. तेव्हापासून हा उपचार चालत आलाय. एक कॅप्सूल किंवा घोटभर द्रव, एवढंच. आज वापरतात त्या आयोडीन-१३१ ची किरणोत्सारिता दर आठ दिवसांनी निम्मी होते आणि बरंचसं आयोडीन लघवीवाटे निघून जातं. काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून अंतर ठेवायचं.

अडचणी आहेत, त्याही सांगते. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना ते मुळीच देत नाहीत, आणि घेतल्यावर साधारण सहा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. डोळ्यांना त्रास असेल तर तो वाढू शकतो. आणि बहुतेकांची ग्रंथी पुढे आटते, मग नणंदेसारखी रोज सकाळी एक गोळी, जन्मभर. लोक याला उपचाराचा दुष्परिणाम म्हणतात. मी म्हणेन, तो बहुधा ठरवून केलेला सौदाच असतो, आणि वाईट नसतो. तिसरा मार्ग शस्त्रक्रियेचा. गलगंड मोठा असेल, गाठ संशयास्पद असेल किंवा डोळे फार बिघडले असतील तर तो बरा पडतो. पण तुमच्यावर आत्ता यातलं काहीच ठरवायची वेळ आलेली नाही. गोळ्यांचा कोर्स पूर्ण करणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांचा आजार परत उलटतो, म्हणजे निम्म्यांचा उलटत नाही. आधी तिथवर पोचू.

गोळीबाबत एक गोष्ट मात्र कागदावर लिहून कपाटाच्या दारावर चिकटवा. ताप, घसा दुखणं किंवा तोंडात फोड आले तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्यायच्या. कार्बिमाझोलने क्वचित, अगदी क्वचित, त्या पेशी एकदम घसरतात, आणि घसरल्याच तर बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत. तुमचे तीन महिने उलटलेत म्हणून गाफील राहू नका. पेशी ठीक निघाल्या की डॉक्टर गोळी परत सुरू करतील. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगभर खाज सुटली तरी तसंच, थांबवायची आणि दाखवायचं. मूल हवं असेल तर आधी बोला, कारण गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत गोळी बदलावी लागते. आणि अचानक जोराचा ताप, नाडी बेफाम, बरळणं असं झालं तर वाट न पाहता थेट इस्पितळ गाठायचं.

डोळ्यांबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. टोचल्यासारखं होणं, पाणी येणं, पापण्यांना सूज, एकाचे दोन दिसणं, यातलं काही असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. रंग फिके दिसायला लागले किंवा नजर मंदावली तर त्याच दिवशी. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर त्याला बाहेर घालवा. धूर आणि ग्रेव्हजचे डोळे यांचं वैर पक्कं आहे.

वजन परत चढेल, त्याला घाबरून गोळी कमी करू नका. गेलेलं परत येतंय. टीएसएच मात्र टी-४ ताळ्यावर आल्यानंतरही काही महिने खालीच राहू शकतं, तेव्हा पुढच्या रिपोर्टात एकटं टीएसएच पाहून उदास होऊ नका, फ्री टी-४ (रक्तात मोकळं फिरणारं टी-४) आणि टी-३ काय म्हणतात ते विचारा. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगा आणि तपासणीच्या किमान दोन दिवस आधी बंद ठेवा. काही प्रयोगशाळांच्या पद्धतीत बायोटिनमुळे टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त दिसतं, म्हणजे सुधारणा झाली असूनही आजार वाढल्यासारखा वाटतो. कोर्स संपत आला की टीएसएच रिसेप्टर अँटिबॉडीची, म्हणजे त्या बेल दाबणाऱ्या प्रतिपिंडाची, तपासणी करायला सांगा. बोट बेलवर अजून आहे की नाही याचा त्यातल्या त्यात बरा अंदाज त्यावरूनच येतो, आणि गोळी थांबवायची की पुढे न्यायची हे तुम्ही आणि तुमचे डॉक्टर तो आकडा समोर ठेवून ठरवाल.